सात नंबर, ठीक

प्रेमिला गिऱ्हेपुंजेला मेमो मिळाला तो नेमका डबा उघडताना. भरली वांगी होती, पोळी अजून कोमट होती, आणि देवाजी चपराशी दारात उभा राहून तो कागद असा लांब धरून होता, जसा काही शेपटीनं उंदीर धरलाय.

“घ्या बाई. सही करा आन् मले मोकळं करा. यातलं एक अक्षर मी लिवलं नाही.”

“तुमचं नाव कोण घेते, देवाजीभाऊ?” असं म्हणत प्रेमिलानं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग डब्याला झाकण लावलं. आता ज्या बाईनं चार वर्षांत कधी भरलेला डबा घरी परत नेला नाही, तिनं भरल्या वांग्यांवर झाकण लावलं म्हणजे कागदात काय असेल ते समजून घ्या.

कागदात होतं, की तिच्या हलगर्जीपणामुळं कार्यालयाचा संगणक वारंवार बंद पडतो, टर्मिनलवर बसणाऱ्या महिलांवर तिचा वचक नाही, सबब तिची तात्पुरती नेमणूक तीस जूननंतर पुढं का चालवावी याची कारणं तिनं येत्या शनिवारी, अकोल्याहून येणाऱ्या चौकशी अधिकाऱ्यांसमोर दाखवावीत. खाली सही, म. वा. पत्तरकिने. सही अशी ऐसपैस, की मजकूर तिच्या अंगणात खेळायला आलेला वाटावा.

चार वर्षं ही बाई सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करून राहिली होती. दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे, म्हणजे सलग नोकरी केली असं तिला म्हणता येऊ नये. आणि यंदाच्या जुलैत कायम होणाऱ्यांच्या यादीत पहिल्यांदाच तिचं नाव लागलं होतं. मेमोवाल्याचं नाव त्या यादीत राहत नाही, हे ऑफिसातल्या माठालाही माहीत होतं. साहेबांना नसेल का?

ऑफिस म्हणजे वैदर्भीय बीज महासंघाचं, धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर. कोणत्या गावचं बियाणं, कोणत्या जातीचं, शंभर दाण्यांतले किती उगवले, कोणत्या तालुक्याला किती पोती जाणार, हे सगळं आधी जाड रजिस्टरांत राहायचं. शहाऐंशी साली महासंघानं कॉम्प्युटर घेतला. काचेच्या खोलीत कपाटाएवढी मशीन, तिच्याजवळ प्रेमिलाचा मुख्य स्क्रीन, आणि मशीनमधून सात वायरी निघून सात टर्मिनलांना गेलेल्या. एक ते सहावर हॉलमधल्या बाया. सातवं साहेबांच्या केबिनमध्ये. ते का, असं विचारू नका. त्या ऑफिसात पहिला फोन आला तो साहेबांच्या टेबलावर, पहिलं कॅल्क्युलेटर आलं ते साहेबांच्या टेबलावर, मग टर्मिनल काय आभाळातून पडलं होतं? हवा-पाण्याची वाटणीही रीतसर होती. मशीनला एसी, साहेबांना कूलर, बायांना पंखा. त्यातला एक पंखा फक्त आवाज करायचा.

प्रेमिला रामटेककडची. बापूजींची, म्हणजे वडिलांची, पाच एकर धानाची बांधी. लहानपणी ही पोरगी इतक्या वेळा ‘काहून’ म्हणायची, की बापूजी तिला हाकच ‘काहून’ अशी मारायचे. विहिरीतला आवाज परत काहून येते? रेडिओ गरम काहून होते? शेवटी एक दिवस रेडिओ उघडून बसली, आणि मग तो गरमही होईना. मार बसला, पण रेडिओ तिनंच चौथ्या दिवशी बोलता केला. मॅट्रिकनंतर नागपूरला मामांकडं आली. प्रतापनगरच्या दोन खोल्यांत सुभद्रामामींच्या हाताखाली राहिली, टायपिंग शिकली आणि नोकरीला लागली. मशीन आली तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, “हिच्याजवळ कोण बसणार?” सगळ्यांनी खाली पाहिलं. प्रेमिलानं मशीनकडं पाहिलं.

वर्षभर मशीन शहाण्या सुनेसारखी वागली. पुढच्या एप्रिलमध्ये तिच्या अंगात आलं.

रोज साडेअकराच्या सुमाराला सातही टर्मिनलं एकदम गप्प व्हायची. अक्षर दाबा, उमटेना. मग प्रेमिलानं मशीन बंद करायची, पुन्हा सुरू करायची, त्यात वीस मिनिटं जायची, आणि बायांचं अर्ध्या तासाचं काम वाहून जायचं. दुपारी तीनला पुन्हा तोच खेळ. खरिपाचं बियाणं गोदामात पडलेलं, खाली ट्रक उभे, याद्या निघेनात.

पत्तरकिने साहेबांनी कारण शोधलं. त्यांना कारण शोधायला वेळ लागत नसे, कारण ते खुर्चीवरून उठत नसत. पहिल्या आठवड्यात कारण होतं बायांच्या गप्पा. दुसऱ्यात नायलॉनच्या साड्या. “नायलॉनमध्ये करंट असतो,” ते म्हणाले. बायांनी उन्हाळ्यात सुती नेसली, त्यांचं काय गेलं? मशीन तरीही बंद पडली. तिसऱ्या आठवड्यात परिपत्रक निघालं, की टर्मिनलवर बसताना बांगड्या काढून ठेवाव्यात.

तीन नंबरवर सिंधूताई बसायच्या. वय पन्नास, ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी परिपत्रक वाचलं, चष्मा पुसला आणि सरळ केबिनमध्ये गेल्या.

“साहेब, माझा नवरा सकाळी चांगला दोन पोळ्या जास्त खाऊन ड्युटीवर गेला हो. तुमाले काही वेगळी खबर आहे का?”

“तसं नाही, सिंधूताई, ही टेक्निकल बाब आहे…”

“मग तुमच्या हातातलं घड्याळ काढा पहिले. तेही धातूचंच आहे.”

परिपत्रक दुसऱ्या दिवशी फळ्यावरून गळून पडलं. आपोआप. देवाजीनं टाचणी काढली असं म्हणतात, पण पाहिलं कोणी नाही.

कंपनीचा इंजिनीअर अनंत पुण्याहून दोनदा येऊन गेला. गोरा, घाईत, आणि बायांशी बोलताना मागच्या भिंतीकडं पाहणारा. दोन्ही वेळा ‘अर्थिंग’ म्हणाला, चहा प्याला आणि गेला. पण दुसऱ्या वेळी एक गंमत झाली. त्यानं मुख्य स्क्रीनवर दोन कळा एकत्र दाबल्या आणि चालती मशीन जागच्या जागी उभी राहिली. हॉलमधून सहा बाया ओरडल्या. अनंत हसला, त्यानं काहीतरी टाइप केलं, आणि मशीन जिथं थांबली होती तिथूनच पुढं निघाली. एक अक्षर वाया नाही गेलं.

“हे काय केलं तुमी?” प्रेमिलानं विचारलं.

“डीबगर आहे. कर्नेलच्या आतच बसवलेला. तुमच्या कामाचा नाही, ताई.”

आता हे ‘तुमच्या कामाचं नाही’ प्रेमिलाला म्हणणं म्हणजे मांजरीला दुधाचा पत्ता सांगून ‘जाऊ नको’ म्हणणं. तिनं विचारून विचारून त्याचा जीव खाल्ला. त्याची गाडी चुकायची वेळ आली तेव्हा त्यानं बॅगेतून चौदा सायक्लोस्टाइल पानं काढून तिच्या पुढ्यात टाकली आणि सुटला.

ती पानं इंग्रजीत. प्रेमिला डिक्शनरी घेऊन सिटी बसमध्ये वाचायची. रविवारी मामी तांदूळ निवडायला सांगायच्या, तर ही एका हातानं खडे काढायची आणि दुसऱ्या हातानं पान धरायची. तीन आठवड्यांत तिला जे समजलं ते तिनं सिंधूताईंना असं सांगितलं:

“मशीनच्या पोटात एक कारभारी आहे, त्याले कर्नेल म्हणतात. सगळ्या टर्मिनलचं तोच ऐकते. एकाचं अक्षर घे, दुसऱ्याची फाइल दे, तिसऱ्याले थांब म्हण. आन् हा डीबगर म्हणजे लेकरं स्टॅच्यू खेळतात ना, तसं. दोन कळा दाबल्या की कारभारी एक पाय वर असला तरी तसाच उभा. मग त्याले विचारायचं. कुठं होता? तिथं कोणं धाडलं? आन् त्याले कोणं धाडलं? सगळं सांगते. खोटं बोलता येत नाही त्याले.”

“असा एक माह्या घरी बसवून दे वं,” सिंधूताई म्हणाल्या. “आमचे हे ऑफिस सुटल्यावर कुठं जातात ते तरी कळंल.”

पहिल्या खेपेला मात्र तिनं घोटाळा केला. मशीन चांगली चालत होती. सराव म्हणून तिनं दोन कळा दाबल्या. उभी राहिली. ‘टी’ दाबलं, कारभाऱ्यानं आपला सगळा रस्ता सांगितला. आता परत सोडायचं तर ‘सी’ दाबायला हवं होतं. हिला वाटलं, बाहेर पडायचं म्हणजे ‘क्यू’. ‘क्यू’ म्हणजे पहिल्यापासून सुरुवात! मशीन बंद झाली, सगळ्यांचं काम गेलं. प्रेमिला उठून हॉलमध्ये गेली आणि म्हणाली, “आजचं मी केलं. चुकली माही.” सिंधूताईंच्या सत्तर लॉटांच्या नोंदी गेल्या होत्या. त्या दोन तास बोलल्या नाहीत, त्यांच्या आयुष्यातला तो विक्रम असावा.

पण ते वाक्य केबिनपर्यंत गेलं. साहेबांना हवं तेवढंच त्यातलं ऐकू आलं. एप्रिलपासूनचं मशीनचं सगळं बंद पडणं या एका वाक्यावर टांगलं आणि मेमो निघाला. सोमवार होता.

प्रेमिला त्या दिवशी बसमध्ये बसली नाही, धंतोलीपासून प्रतापनगरपर्यंत पायी गेली. संतापलेल्या माणसाला बसची वाट पाहवत नाही. मामींनी भरलेला डबा पाहिला आणि वांगी पुन्हा गरम केली.

“खाऊन घे,” मामी म्हणाल्या. “उपाशी राहून भांडलं की आवाज फाटते.”

मंगळवारी साहेब काटोलच्या दौऱ्यावर होते. मशीन दिवसभर एकदाही बंद पडली नाही. बुधवारी साहेब आले आणि साडेअकराला सगळं गप्प. आता हे कोणाच्याही नजरेत भरेल, नाही का? साहेबांच्याही भरलं होतं. ते म्हणाले, “मी नसलो की तुम्ही कामच करत नाही, म्हणून मशीनवर भार येत नाही.” अशा माणसाशी वाद तरी कसा घालायचा?

प्रेमिलानं घातला नाही. मशीन गप्प झाली, की तिनं ती बंद करायच्या आधी दोन कळा दाबल्या. मेल्यासारखी वाटणारी मशीन मेलेली नव्हतीच. आतला कारभारी जिवाच्या आकांतानं धावून राहिला होता, म्हणून बाहेरच्यांसाठी त्याला वेळ नव्हता. ‘टी’ दाबलं. आकड्या-अक्षरांच्या पाच ओळी आल्या. तिनं त्या वहीत उतरवल्या. बुधवारी दोनदा, गुरुवारी दोनदा. चारही वेळा कारभारी एकाच ठिकाणी सापडला, टर्मिनलचं अक्षर घेणाऱ्या दारात. आणि कोणत्या टर्मिनलचं, तो आकडाही चारही वेळा एकच होता.

सात.

“सात तर साहेबाचं,” सिंधूताई हळूच म्हणाल्या. “तो मेला कधी बोट लावते त्याले?”

प्रेमिलानं पानं चाळून आणखी एक गोष्ट केली. सातव्या वायरीवरून काय येऊन राहिलं आहे ते मशीनच्या आठवणीतून काढून पाहिलं. नवीन माणूस आला की मशीन दारातच एक शब्द विचारते, ‘लॉगिन’, म्हणजे नाव सांगा. सातव्या वायरीवरून मशीनला जे येत होतं तेही तेच. लॉगिन, लॉगिन, लॉगिन, लॉगिन. कारभारी दारात विचारतो, कोण आहे? आणि बाहेरून उत्तर येतं, कोण आहे? तो पुन्हा विचारतो. सेकंदाला शंभर वेळा. प्रेमिला एकदम हसली. हे तर रामटेककडच्या त्यांच्या बांधीवरच्या विहिरीत तोंड घालून तिनं कितीदा केलं होतं.

पण वायरीला दुसऱ्या टोकाला टर्मिनल असेल तर असं होत नाही. म्हणजे टर्मिनल नव्हतंच! तिनं रोजचा तपासणी तक्ता काढला. सकाळी मशीन सुरू केली की सातही टर्मिनलं पाहून त्यावर लिहायचं असे. एक, ठीक. दोन, ठीक. खाली सात, साहेब, ठीक. दोन महिन्यांचे तक्ते तिनं उलटले. प्रत्येकावर तिच्याच वळणदार अक्षरात, सात, साहेब, ठीक. आणि ती एकदाही केबिनमध्ये पाहायला गेली नव्हती. साहेब यायच्या आधी केबिनला कुलूप, आल्यावर आत जायची हिंमत नाही. सगळ्यांनीच असं केलं असतं, म्हणून काय झालं? ‘काहून’ म्हणणाऱ्या पोरीनं साहेबाच्या नावापुढं काहून विचारलं नाही, याचा तिला स्वतःचाच इतका राग आला, की पेन्सिलीचं टोक कागदात तुटलं.

तिनं देवाजीला गाठलं.

“देवाजीभाऊ, साहेबाचं टर्मिनल कुठं आहे?”

देवाजीनं इकडंतिकडं पाहिलं. “कपाटावर. वर प्लास्टिकची फुलं ठेवली आहे ना मी, छान दिसते.”

“कपाटावर काहून?”

“टेबलावर पानाच्या डब्याले जागा नोती, बाई. साहेब म्हणाले, हे हिरवं हिरवं उचल समोरून. मार्चातच उचललं. वायर लोंबून राहिली होती, तिच्यावर कूलरचं पाणी पडन म्हणून मी कूलरच्या वायरीसंगं गुंडाळून सुतळीनं पक्की बांधली. काही चुकलं का?”

कूलरची मोटर सुरू झाली, की त्या मोकळ्या वायरीत खरखर शिरायची, आणि मशीनला वाटायचं, कोणीतरी आलं. तिथून ‘कोण आहे’चा खेळ सुरू. साहेब सव्वाअकराला येणार, कूलर लागणार. दीडला जेवायला घरी, कूलर बंद. पावणेतीनला परत. बायांच्या बांगड्या काय, नायलॉन काय, गप्पा काय! या माणसानं आपल्या पानाच्या डब्यापायी सहा बायांना दोन महिने नावं ठेवली होती.

“मग उपट न वं ती सात नंबरची वायर मशीनमधून,” सिंधूताई म्हणाल्या. “मिटलं.”

“आन् मेमो? मशीन सुधरन, आन् साहेब म्हणतीन, पाहा, मेमो दिला तशी सुधरली.”

सिंधूताईंनी जरा विचार केला. “म्हणन. लेकाचा नक्की म्हणन.”

शनिवारी अकोल्याहून चौकशी अधिकारी महादेवराव आले. पांढरा सदरा, पायात धुळीच्या चपला, हातात ओला पंचा. स्वतः शेतकऱ्याचे लेक, आस्थापना विभागात केस पिकवलेले. काचेच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. पत्तरकिने साहेबांनी पाच मिनिटं मेमो वाचला, दहा मिनिटं त्याचा अर्थ सांगितला, आणि शेवटी म्हणाले, “तिनं स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलं आहे.”

“हाव का बाई?” महादेवरावांनी विचारलं. “मले कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही, पहिलेच सांगून ठेवतो. सरळ सांग.”

“एका दिवशीचं माह्या हातून झालं, ते मी कबूल केलं,” प्रेमिला म्हणाली. “आणखी एक चूक आहे, ती साहेबांले माहीत नाही.” तिनं तक्त्यांचा गठ्ठा पुढं ठेवला. “या सगळ्यांवर सात नंबर ठीक असं मी न पाहता लिहिलं. त्याची जी शिक्षा असन ती द्या. बाकीच्यासाठी मले फक्त पंधरा मिनिटं पाहिजे. साहेबांनी रोजच्यासारखं केबिनमध्ये बसावं, रोजच्यासारखा कूलर लावावा. बस.”

“हा काय तमाशा?” साहेब म्हणाले. “कूलरचा काय संबंध?”

“गरमी तर आहेच न गा,” महादेवराव म्हणाले. “लावा. बसा थंडाव्यात.”

साहेब गेले. कूलरची घरघर सुरू झाली. हॉलमध्ये सहा बाया टाइप करून राहिल्या होत्या, पण सगळ्यांचे कान तिकडं. आठ मिनिटं गेली. महादेवरावांनी पंच्यानं मान पुसली. नवव्या मिनिटाला सिंधूताई ओरडल्या, “गेलं!” मौदा तालुक्याचं नाव त्या लिहीत होत्या, ते पहिल्या अक्षरावरच अडकलं.

प्रेमिलानं दोन कळा दाबल्या. ‘टी’ दाबलं. पाच ओळी आल्या.

“हा आकडा पाहा, साहेब. आन् हे माह्या वहीत, बुधवारपासून सहा वेळा उतरवलेले. सगळीकडं तोच आहे का?”

महादेवरावांनी चष्मा वर-खाली करून एकेक ओळ पाहिली, बोट ठेवून, सातबारा पाहावा तशी. “सातच आहे सगळीकडं. सात म्हणजे कोण?”

“चला, दाखवते.”

केबिनमध्ये पत्तरकिने साहेब पान जुळवून राहिले होते. प्रेमिलानं कपाटावरची फुलं दाखवली, फुलांखालचं टर्मिनल दाखवलं, आणि मग खाली वाकून कूलरच्या मागून सुतळीचं भेंडोळं ओढलं. दोन वायरी, एकमेकींना मिठी मारून. विहिरीची गोष्ट तिनं महादेवरावांना उभ्या-उभ्याच सांगितली. त्यांना दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

“अस्सं!” पत्तरकिने साहेब उठले. “म्हणजे ही देवाजीची करामत आहे. देवाजी! कोणाला विचारून बांधली ही वायर? तुलाच मेमो देतो.”

दारात उभ्या देवाजीचा चेहरा उतरला. आणि इथं प्रेमिलाचा पारा असा चढला, की बाहेरच्या उन्हानं लाजावं.

“देवाजीभाऊनं बांधली, कारण ती लोंबत होती. लोंबत होती, कारण टर्मिनल काढलं. टर्मिनल कोणं काढायला लावलं, साहेब? मशीनच्या कारभाऱ्याले मी हेच विचारते, तुले कोणं धाडलं, आन् तो सांगते. तुमीही सांगा न!”

साहेबांनी पान तोंडात टाकलं. भरल्या तोंडानं उत्तर द्यावं लागत नाही, ही त्यांची जुनी सोय. चावून झाल्यावर हात झटकून म्हणाले, “बरं, सापडलं ना? झालं गेलं. आता लवकर मशीन सुरू करा, खाली चार ट्रक उभे आहेत.”

प्रेमिला काचेच्या खोलीत परत गेली. मागच्या बाजूनं सात नंबरची वायर तिनं ओढून काढली. मग आपल्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“सुरू करा म्हणतो ना!”

“मशीन बंद नाही, साहेब. उभी आहे. एक कळ दाबली की चालते.”

“मग दाबा!”

“मेमो.”

“अहो, तो रद्द समजा. मी तोंडी सांगतो आहे सगळ्यांसमोर.”

“मेमो तोंडी दिला होता का?”

हॉलमध्ये सहा बायांचे बारा हात मांडीवर. काम नव्हतंच, पण बसणं असं, की जणू लग्नातल्या जेवणाची वाट पाहत आहेत. साहेबांनी अनंतला फोन लावायला सांगितला. तो कोल्हापुरात होता. “मी स्वतः दाबतो,” म्हणत साहेब मुख्य स्क्रीनजवळ आले, आणि कळांकडं पाहत राहिले.

“दाबा,” सिंधूताई हॉलमधून म्हणाल्या. “पण पाहून दाबजा. ‘क्यू’ दाबलं न, तर सकाळपासूनच्या चार ट्रकांच्या याद्या जातीन. आमाले माहीत आहे, आमच्या गेल्या आहे.”

साहेबांचं बोट हवेतच राहिलं. मग खिशात गेलं. त्यांनी महादेवरावांकडं पाहिलं. “बघा, शिस्त पाहा यांची! असं ऑफिस चालतं?”

महादेवराव ओल्या पंच्याची घडी करून राहिले होते. त्यांनी प्रेमिलाला विचारलं, “पोरी, याच्यात काही बिघडन तर नाही? बियाणं खोळंबलं तर माह्या-तुह्या बापाचंच खोळंबते.”

ते मात्र तिला लागलं. बापूजी त्याच बियाण्याची वाट पाहत असणार. पण हात मांडीवरून हलला नाही.

“काही बिघडत नाही. दोन ओळी लिहायला जेवढा वेळ लागते तेवढाच वेळ लागन.”

“मग लिहून टाका, पत्तरकिने,” महादेवराव म्हणाले आणि आपला पेन पुढं केला. “पेन आहे माह्याकडं.”

साहेबांनी मेमोच्या पाठीवर लिहिलं, ‘तांत्रिक कारणास्तव सदर मेमो मागे घेण्यात येत आहे.’ प्रेमिलानं वाचलं आणि परत केलं.

“कोणतं कारण, ते लिहा. बांगड्याही तांत्रिकच होत्या.”

साहेबांनी लिहिलं, ‘सात क्रमांकाची वायर सुटी राहिल्याने.’

“कोणाच्या सांगण्यावरून सुटी राहिली?”

कूलर घरघरत होता, तो देवाजीनं जाऊन बंद केला. खाली ट्रकवाला कोणाला शिव्या देऊन राहिला आहे ते वर ऐकू आलं. मग साहेबांनी लिहिलं, ‘माझ्या सूचनेवरून.’ यावेळी सही लहान होती. महादेवरावांनी तिच्याशेजारी आपली केली आणि न पाहता लिहिलेल्या तक्त्यांबद्दल प्रेमिलाला तोंडी ताकीद दिली. तिनं ती मान खाली घालून घेतली. ती बरोबरच होती.

मग तिनं ‘सी’ दाबलं.

हॉलमध्ये सहा स्क्रीनवरचे हिरवे ठिपके एकदम लुकलुकायला लागले. सिंधूताईंच्या मौद्याचं पहिलं अक्षर तिथंच होतं. त्यांनी उरलेली अक्षरं पुरी केली, कागदावर बोट ठेवून पुढची ओळ शोधली, आणि कोणाला उद्देशून न म्हणता म्हणाल्या, “चला बायांनो. साहेबांले घाई आहे.”

बांगड्या वाजल्या. सगळ्यांच्या.

याद्या निघाल्या, ट्रक गेले. प्रेमिलानं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि पुसून खाल्ला. संध्याकाळी निघताना तिनं केबिनच्या दारावर टकटक केली. साहेब फायलीत तोंड घालून होते. ती आत गेली, कपाटावरच्या प्लास्टिकच्या फुलांखाली वाकून पाहिलं आणि बाहेर आली. दिवसाच्या तक्त्यावर सहा ओळींपुढं ठीक होतं. सातव्या ओळीत तिनं लिहिलं, ‘साहेब. बंद. पाहून लिहिले.’